अठरा जोड बूट

दीनानाथला लहानपणी पोलिओ झाला होता, हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं. दुसऱ्या भेटीत आम्ही त्यांच्या चिंचवडच्या घरी गेलो होतो. त्याची मोठी बहीण शैलाताई माझ्या आईशी साड्यांबद्दल बोलत होत्या, आणि हा मधेच म्हणाला, "मला पोलिओ झालाय. चालताना दिसतं, म्हणून आधीच सांगतो." शैलाताईंनी घाईने चहाचं विचारलं. मी मात्र तिथल्या तिथे भाळले. तोवर जेवढी मुलं बघितली होती त्यातल्या एकानेही स्वतःचा चष्म्याचा नंबरसुद्धा खरा सांगितला नव्हता.

त्याचे वडील काठी घेऊन चालत. त्यांनाही पोलिओ. वडिलांची एक आत्या जन्मभर घराबाहेर पडली नाही म्हणे. तिलाही पोलिओच. मी मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर. एकाच घरात तीन पिढ्यांत एकेकाला वेचून पोलिओ कसा होतो, हा प्रश्न मला सोळा वर्षांत एकदाही पडला नाही. परीक्षेत आला असता तर पाच मार्कांचं उत्तर मी डोळे मिटून लिहिलं असतं. या गोष्टीचा मला अजून संताप येतो, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

दोन हजार दहात आम्ही जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आलो. गाड्यांची चाकं ज्या भागांवर बसतात, ते भाग बनवणाऱ्या एका कंपनीत दीनानाथ इंजिनिअर आहे. चाचणीची गाडी हजारो किलोमीटर पळवून आणतात, आणि हा तिचे टायर बघतो. कुठली कड किती झिजली यावरून आत काय वाकडं बसलंय ते सांगतो. टायर खोटं बोलत नाही, हे त्याचं आवडतं वाक्य. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येसुद्धा हा अनोळखी गाड्यांपाशी वाकून बघत उभा राहायचा आणि मी पिशव्या घेऊन ताटकळत. "या माणसाने मागचं डावं चाक आपटलंय आणि बायकोला सांगितलेलं नाही," असं काहीतरी म्हणायचा आणि स्वतःशीच हसायचा. स्वभावाने गरीब, बोलायला कमी, हिशेबाला पक्का. ऑफिसात त्याला सगळे मान देतात, कारण तो मोजल्याशिवाय बोलत नाही.

त्याची चाल मला पाठ आहे. त्याच्या पावलाचा पुढचा भाग उचलला जात नाही, म्हणून तो गुडघा जास्त वर घेतो आणि मग बोटं आधी जमिनीवर आपटतात, टाच नंतर टेकते. आमच्या इमारतीचा जिना लाकडी आहे. थप्, टक्. थप्, टक्. पहिल्या मजल्यावर तो पोचला की मी चहा टाकते, आणि तो दारात येईपर्यंत उकळी फुटलेली असते.

आमची एकुलती एक मुलगी स्वानंदी इथेच जन्मली. आता बारा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. तिच्या शाळेचं, दाताचं, लसींचं सगळं माझ्याकडे. बुटांचं मात्र पहिल्यापासून बापाकडे. दर तीन-चार महिन्यांनी एक शनिवार ठरलेला. दोघं ट्रॅमने गावात जायची, दुकानात पावलाचं माप घ्यायची, नवे बूट घ्यायची आणि मग स्पागेटी-आइस खायची, म्हणजे शेवयांसारखं पाडलेलं आइस्क्रीम आणि त्यावर लाल सॉस. येताना स्वानंदीच्या ओठांच्या कडेला तो सॉस असायचा. जुने बूट पिशवीत घालून दीनानाथ कोपऱ्यावरच्या जुन्या कपड्यांच्या कंटेनरमध्ये टाकून यायचा. अजून चांगले असायचे ते. मी चिडवायची, "राजकन्येच्या पायाला जुनं चालत नाही वाटतं." तो म्हणायचा, "वाढतं वय आहे, पाय आखडायला नको." स्वानंदीला वर्षातले ते तीन-चार शनिवार वाढदिवसापेक्षा प्यारे होते. त्या दिवशी बाप तिचा एकटीचा असायचा.

गेल्या वर्षी तिने हँडबॉल सोडला. सारखा घोटा मुरगळायचा. कारण विचारलं तर मूड नाही म्हणाली. मी म्हटलं, वय आहे, सोडून द्या. दीनानाथने तेव्हा ताटावरून मान वर केली नाही.

यंदा फेब्रुवारीत त्याचं पाऊल मोडलं. कसं, ते त्यालाही सांगता येईना. संध्याकाळी मोजा काढला तर पावलाची बाहेरची बाजू काळीनिळी आणि टम्म. एक्सरेमध्ये हाड मोडलेलं निघालं आणि तेही तीन-चार दिवसांपूर्वीचं. मोडलेल्या हाडावर हा माणूस तीन दिवस ऑफिसला जाऊन आला होता. "दुखलं कसं नाही?" मी विचारलं. "थोडं जड वाटत होतं," तो म्हणाला. दुखणं नसणं इतकं वाईट असू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमच्या डॉक्टरांनी पुढे पावलांच्या सर्जनकडे पाठवलं. डॉक्टर ब्रांडेस, पन्नाशीची बाई, कापलेले पांढरे केस, शब्द मोजके. तिने त्याला अनवाणी उभं केलं आणि मागे जाऊन बराच वेळ नुसती बघत राहिली. दोन्ही टाचा आत कललेल्या, दोन्ही पावलांची कमान इतकी उंच की खालून हात घालावा, बोटं नखांवर वळलेली. ठोकल्यावर कंप पावणारा धातूचा काटा तिने त्याच्या घोट्यावर टेकवला. त्याला काही कळलं नाही. मग गुडघ्यावर टेकवला, तेव्हा कळलं.

"पोलिओ लिहिलंय," ती कागद बघत म्हणाली. "हे निदान कोणी केलं?"

"माझ्या वडिलांनी," दीनानाथ म्हणाला.

"ते डॉक्टर होते?"

"नाही. पोस्टमास्तर."

ती हसली नाही. पोलिओत ताकद जाते, स्पर्श जात नाही, ती म्हणाली. शिवाय पोलिओ असा दोन्ही पायांना सारखा वाटून येत नाही. नसांची तपासणी झाली, रक्ताची झाली, आणि मार्चमध्ये नाव मिळालं. शार्को-मारी-टूथ. ज्या तीन डॉक्टरांनी हा आजार ओळखला त्यांची नावं. नसांवरचं आवरण हळूहळू खराब होतं, लांबच्या नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पावलांपासून. काही स्नायू मरतात, काही टिकतात, आणि टिकलेले स्नायू पाऊल आपल्या बाजूला ओढत राहतात. ओढून ओढून हाडं वाकतात. पुढे हातांनाही होऊ शकतं. आणि हे आई किंवा बापाकडून येतं, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता.

"मुलं?" तिने विचारलं.

"एक मुलगी. बारा वर्षांची."

"कशी चालते?"

"छान," दीनानाथ म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की मीसुद्धा मान डोलावली. डॉक्टर ब्रांडेसने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तरी एकदा घेऊन या," ती म्हणाली. तो "नातुअरलिश" म्हणाला, म्हणजे अर्थातच. आणि विषय तिथेच राहिला.

एप्रिलमध्ये उजव्या पायाचं ऑपरेशन झालं. टाचेचं हाड कापून बाहेरच्या बाजूला सरकवलं आणि स्क्रूने बसवलं. अंगठ्याच्या मागच्या हाडातून पाचर काढून ते वर उचललं. तळव्याचा ताठलेला पडदा सैल केला. आणि घोट्याच्या आतल्या बाजूचा स्नायूचा एक दोर, जो पाऊल आत ओढत होता, तो सोडवून पावलाच्या वरच्या बाजूला नेऊन बांधला. जो स्नायू इतकी वर्षं पाऊल बिघडवत होता, त्यालाच आता ते उचलायचं काम दिलं. ऐकून मला खूप बरं वाटलं होतं. पण ऑपरेशननंतर डॉक्टर ब्रांडेस म्हणाली, "पाऊल मी सरळ केलंय. नसा मला सरळ करता येत नाहीत. हे पाऊल आता नीट टेकेल, पण आजार थांबलेला नाही." सहा आठवडे प्लास्टर, जमिनीला पाय टेकवायचा नाही, मग डावा पाय कधी ते बघू.

शैलाताईंचा फोन आला तो प्लास्टरच्या तिसऱ्या आठवड्यात. त्यांच्या मुलीचं, निशिगंधाचं, लग्न ठरलं होतं, डिसेंबरची तारीख. ताई मला म्हणाल्या, "ऊर्मिला, ते रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस हं. त्या लोकांना आम्ही मामाला पोलिओ आहे असं सांगितलंय."

"अहो ताई, पण पोलिओ नाहीये ना तो."

"मला कळतंय गं. डिसेंबरपर्यंत राहू दे पोलिओ."

मी म्हटलं, "निशिगंधाचीही तपासणी करून घ्या. ती पण चालताना पाय आपटते."

पलीकडे ताईंचा आवाज चढला. "आमच्या मुलीला नावं ठेवू नकोस. स्वानंदीचं काय ते तुम्ही तिकडे बघताच आहात, आमचं आम्ही इथे बघू."

"स्वानंदीचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. असंच आपलं बोलण्याच्या ओघात." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात उभी राहिले. दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून शेजारच्या छतावरचा कावळा दिसत होता. डोक्यात ताईंचं वाक्य फिरत होतं आणि मी ते मुद्दाम बाजूला सारत होते. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. थप्, टक्. थप्, टक्. हात आपोआप चहाच्या भांड्याकडे गेला. पाणी घातलं, गॅस लावला, आलं किसायला घेतलं.

मग मला आठवलं की दीनानाथ बाहेरच्या खोलीत सोफ्यावर, पाय दोन उशांवर ठेवून बसलाय.

मी दाराशी गेले. त्याने पुस्तक खाली ठेवलं होतं आणि तो दाराकडे बघत होता. पावलं दुसऱ्या मजल्यावर आली. किल्ली फिरली. "बिन दा," स्वानंदी म्हणाली, आले मी, आणि दप्तर टाकून सरळ आपल्या खोलीत गेली. दीनानाथने माझ्याकडे बघितलं आणि लगेच पुस्तक उचललं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मी आजवर अनेकदा घाबरले आहे, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाही म्हणून कधी घाबरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मला केलरमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या तळघरात, जायचं होतं. इस्पितळातल्या खास बूट बनवणाऱ्या माणसाने दीनानाथचे जुने, झिजलेले बूट मागितले होते. मी किल्ली घेतली तर हा म्हणाला, "राहू दे. मी नंतर आणीन."

"तू? या पायाने?"

"मग फोटो पाठवू. तू नको जाऊस, तिथे धूळ आहे."

सोळा वर्षांत या माणसाला माझ्या धुळीची कधी काळजी पडली नव्हती. मी खाली गेले.

गाडीच्या हिवाळ्यातल्या टायरांच्या मागे एक मोठं खोकं होतं. त्यात स्वानंदीचे बूट होते. फ्रीजरच्या पारदर्शक पिशव्यांमध्ये एकेक जोड, प्रत्येक पिशवीवर पांढरं लेबल आणि लेबलवर त्याचं बारीक, सरळ अक्षर. पहिला जोड गुलाबी, एकोणतीस नंबरचा. मे दोन हजार एकोणीस. वापर एकशे चार दिवस. उजवा, बाहेरची कड, दीड मिलिमीटर. डावा, एक. त्यानंतरचा त्याच वर्षीचा सप्टेंबर. मग जानेवारी. असे अठरा जोड. मी ते सिमेंटच्या जमिनीवर ओळीने पालथे मांडले. इंजिनिअर असण्याची गरज नव्हती. पहिल्या जोडाचे तळ जवळपास सपाट होते. मग बाहेरची कड झिजत गेली होती, वर्षामागून वर्ष, आधी उजव्याची आणि मग डाव्याची, आणि पुढे पुढे टोकाशी आपटल्याचे ओरखडे. शेवटच्या लेबलवर जानेवारी दोन हजार पंचवीस होतं आणि उजव्याला सात मिलिमीटर. कंटेनरमध्ये एकही जोड गेला नव्हता. मी तिथेच त्या थंड जमिनीवर बसून राहिले, आणि वर जायला मला पाऊण तास लागला.

गुलाबी जोड मी त्याच्या पांघरुणावर ठेवला. "कधीपासून?" मी विचारलं.

"लेबल वाचलंस ना."

तो बूट मी त्याच्या तोंडावर मारला नाही, एवढंच. "दीनानाथ, नीट बोल."

तो बराच वेळ बुटाच्या नाड्या सरळ करत बसला. बोटांना नाडी नीट धरता येत नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "तोपर्यंत मलाही पोलिओच वाटत होता," तो म्हणाला. "शप्पथ. मग तिचे हे बूट हातात आले. माझ्या बुटांसारखे झिजलेले. पोलिओ बापाकडून मुलीकडे जात नाही, एवढं मलाही कळतं. मी ताईला फोन केला. ती म्हणाली, बाबांना माहीत होतं. त्यांनीच पोलिओ नाव ठेवलं. पोलिओ म्हटलं की लग्नं होतात."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं? सहा वर्षं?"

"काय सांगणार? आधी खात्री करायची होती. एक जोड म्हणजे काही पुरावा नाही. मग दुसरा आला. मग वाटलं, झीज वाढायची थांबेल, आलेखाची रेघ सपाट होईल. दर वेळी वाटायचं, या वेळी कमी निघेल."

"आणि वाढत गेली तेव्हा?"

तो नाड्यांकडेच बघत हळूच म्हणाला, "ऊर्मिला, पोलिओ म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलं. मी त्या एका भरवशावर पोहायला शिकलो, इंजिनिअर झालो, इथे आलो. जे होतं ते मागे होतं. तिला खरं सांगितलं असतं तर सगळं तिच्या पुढे आलं असतं. मला वाटलं, थोडी वर्षं तिला मिळू देत."

मला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी त्याचा तिटकाराही आला. दोन्ही खरं होतं. मी फक्त म्हटलं, "सोमवारी मी अपॉइंटमेंट घेतेय."

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं डॉक्टर ब्रांडेसकडे गेलो. दीनानाथ कुबड्यांवर, प्लास्टर निघून पायात प्लास्टिकचा मोठा बूट. स्वानंदीला मी आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की बाबाचा आजार घरातल्यांना असू शकतो, म्हणून बघून घेऊ. तिने खांदे उडवले होते. बूट-मोजे काढून ती त्या पांढऱ्या फरशीवर उभी राहिली. नुकतेच निळे बूट घेतले होते, त्या शनिवारी बाप जाऊ शकत नव्हता म्हणून माझ्याबरोबर, आणि मी आइस्क्रीम विसरले होते.

"टाचांवर चालून दाखव," डॉक्टर म्हणाली.

स्वानंदीने हात पसरले, ओठ दाबले आणि जोर लावला. पावलं उचललीच नाहीत. तिने खाली बघितलं. पुन्हा जोर लावला. मग ती हसली, जसं वर्गात उत्तर आलं नाही की हसतात तसं.

डॉक्टरने लाकडाची एक फळी आणली. एकेक पाऊल तिच्यावर असं ठेवायला लावलं की टाच आणि बाहेरची कड फळीवर आणि अंगठा खाली मोकळा. मागे बसून बघितलं. डावं पाऊल फळीवर आलं तशी कललेली टाच सरळ झाली. उजवं आलं, आणि टाच कललेलीच राहिली. डॉक्टरने ते पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. "डावं अजून मऊ आहे," ती उठत म्हणाली. "ताणाचे व्यायाम, आधाराची पट्टी, लागलं तर दोराची छोटी शस्त्रक्रिया. उजवं आता कडक झालंय. वाढ पूर्ण झाली की तिथे हाडं कापावी लागतील. वडिलांसारखी." मग तिने फाईल उघडली. "तुमच्या लक्षात कधी आलं?"

मी तोंड उघडलं. गेल्याच महिन्यात, असं म्हणणार होते. ते खोटंही नव्हतं. पण दीनानाथ आधी बोलला, जर्मनमध्ये, स्पष्ट, ऑफिसात आकडा सांगावा तसं.

"मे दोन हजार एकोणीस. आधी उजव्याला."

डॉक्टरचं पेन थांबलं. "तेव्हा उजवंही मऊ असणार," ती म्हणाली. ती रागावली नव्हती, आणि त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण गेलं.

स्वानंदी अजून फळीवरच उभी होती. ती बापाकडे बघत होती. मला वाटलं ती विचारेल, तुला माहीत होतं का, किंवा मी चालू शकेन ना. तिने विचारलं, "दी शूहे, पापा?" मग थांबून पुन्हा, अगदी हळू, "वारेन दी शूहे देसवेगन?" बूट त्यासाठी घ्यायचो का आपण, एवढंच तिला हवं होतं. दर वेळचे ते शनिवार, ती ट्रॅम, ते लाल सॉसचं आइस्क्रीम.

दीनानाथच्या हातातली कुबडी घसरली आणि भिंतीला टेकली. खोटं बोलायला त्याला पुरेसा वेळ होता. "हो," तो मराठीत म्हणाला.

ती फळीवरून उतरली आणि खुर्चीत बसली. मोजे घातले. मग एक निळा बूट उचलला, पायात घालण्याआधी उलटा केला, आणि बाहेरच्या कडेवरून बोट फिरवून बघितलं.